पाचवी मूठ

वर्लिन हाउगेनच्या सत्कारात वाचून दाखवायला त्याचं आयुष्य दोन पानांत लिहून द्या, असं कुस्तीच्या पंचांच्या संघटनेने मला कळवलं, तेव्हा मी विचार न करता हो म्हटलं. एकतीस वर्षं मी त्याच्याबरोबर पशुखाद्याच्या गिरणीत वजनकाट्यावर बसले. ट्रक आत येताना तोलायचा, बाहेर जाताना तोलायचा, फरक लिहायचा. माणूस तोलणं त्याहून काय अवघड असणार, असं मला वाटलं. स्वतःच्या हुशारीवर माझा पहिल्यापासून जरा जास्तच भरवसा.

कॉलेजातला भाग तर मी झपाट्याने लिहिला. तो अख्ख्या गावाला पाठ आहे. वर्लिन एकशे चौतीस पौंडांच्या गटात खेळायचा. वजन उतरवायला रबरी कपडे चढवून बॉयलरच्या खोलीत धावायचा आणि थुंकी पोटात जाऊ नये म्हणून वर्गात कागदी पेला घेऊन बसायचा. शेवटच्या वर्षी विभागाच्या अंतिम फेरीत तो एका गुणाने हरला. तो एक गुण पंचाने त्याच्या अंगचोरीपायी समोरच्याला दिला होता. कुस्ती न खेळता नुसता चिकटून वेळ काढणाऱ्याला पंच मूठ वळून वर उचलून दाखवतो. पहिली मूठ म्हणजे ताकीद. दुसरीला आणि तिसरीला समोरच्याला एकेक गुण, चौथीला दोन, आणि पाचवीला बाद. वर्लिन हरून घरी आला तेव्हा बापाने विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "पंच बरोबर होता." आमच्या आयोवा राज्यात याला शहाणपण म्हणतात. त्याच्या लग्नाच्या मेजवानीतसुद्धा ही गोष्ट कुणीतरी सांगितली होती.

पुढच्याच हिवाळ्यात त्याने काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट अंगात घातला आणि गळ्यात शिट्टी अडकवली. आठवडाभर गिरणीत नोकरी, आणि गुरुवार-शनिवार कुठल्यातरी शाळेच्या नाहीतर कॉलेजच्या गादीवर गुडघ्यांवर सरपटत, खालच्याचे खांदे टेकले का ते बघत. चाळीस वर्षांत त्याने किती कुस्त्यांचे निकाल दिले याचा हिशेब त्याच्याकडेही नाही. नावं ठेवणारे होते. प्रेक्षकांतल्या आयांनी त्याला काय काय म्हटलंय ते मी इथे लिहीत नाही, आमचं चर्च लहान आहे. पण त्याने पैसे खाल्ले किंवा तोंड बघून गुण दिले, असं त्याचा शत्रूही म्हणाला नसता.

त्याच्याबरोबर कॉलेजात डेलमर ओल्टमन होता. डेलमर म्हणजे वर्लिनची सरावाची जोड. चार वर्षं रोज दुपारी दोन तास वर्लिनने त्याला आपटायचं आणि डेलमरने उठून पुन्हा समोर यायचं. त्याला स्वतःला पहिल्या संघात कधी जागा मिळाली नाही. त्याला विचारलं तर म्हणायचा, "अगं, वर्लिनचे सगळे डाव मला येतात. फक्त उलट्या बाजूने." एकाहत्तर साली भावाने शेत सांभाळायला घेतलं, तेव्हा वर्लिननेच त्याला गिरणीत आणून मिक्सरवर उभं केलं. मी पुढच्या वर्षी लागले, तोवर मिक्सर म्हणजे डेलमर असं ठरूनच गेलं होतं.

वर्लिन आधी विक्रीवर होता, मग व्यवस्थापक झाला, आणि चौऱ्याऐंशी साली गिरणीचा प्रमुख. ती वर्षं वाईट होती. आजूबाजूच्या तीन गिरण्यांना कुलूप लागलं. शहाऐंशीत तो दे मॉइनला व्यवस्थापनाच्या शिबिराला गेला. तिथे कुणा शहाण्याने सांगितलं, तुम्हाला जे सगळ्यात चांगलं येतं तेच धंद्यात आणा. सोमवारी सकाळी वर्लिनने जेवणाच्या खोलीत सगळ्यांना जमवलं आणि मूठ उचलून दाखवली.

"काम टाळताना दिसलात तर ही," तो म्हणाला. "कुस्तीतलाच नियम. पाच झाल्या की बाद. वर्ष संपलं की पाटी कोरी."

"आणि चीत केलं तर काय देणार?" डेलमरने मागून विचारलं.

"तुला कोण चीत करणार? तू कायम आडवाच."

सगळे हसले, आणि सगळ्यांत जोरात डेलमर. मग मी फळा आणला, पट्टी लावून रेघा मारल्या आणि सव्वीस जणांची नावं सुवाच्य अक्षरात लिहिली. मूठ झाली की नावापुढे लाल चुंबक लावायचं काम माझं. मला ते आवडायचं, हे आत्ताच सांगून टाकते.

खरं सांगायचं तर ती मूठ चाललीही. गावभर तिची चेष्टा झाली. बायका नवऱ्यांना अंगणातलं गवत कापलं नाही म्हणून मूठ दाखवू लागल्या. गिरणी सावरली. वर्लिन ठिकठिकाणच्या व्यापारी मंडळांत भाषणं देऊ लागला, पेपरात फोटो आला, राज्याच्या खाद्य-उत्पादक संघाने त्याला अध्यक्ष केलं. पहिल्या अकरा वर्षांत पाच मुठी होऊन बाद झाला तो एकच माणूस, आणि तो खरोखरच पोत्यांमागे झोपायचा. म्हणून तर कुणाला संशय आला नाही. मूठ चुकू शकते, हे आम्ही विसरून गेलो होतो.

सत्त्याण्णवच्या शरदात एक दिवस डेलमर काट्याच्या खोलीत आला आणि त्याने दार लावून घेतलं. एरवी तो दार कधीच लावायचा नाही. त्याने उजवा हात टेबलावर ठेवला. हात आपोआप हलत होता, थंडीत कुडकुडल्यासारखा, पण खोलीत शेगडी पेटलेली होती.

"रॉचेस्टरच्या डॉक्टरांनी नाव दिलंय याला," तो म्हणाला. "मोठं आहे. कंपवात समज."

"डेल, तू वर्लिनला सांग. तो तुला काट्यावर घेईल, माझ्या जागी. मी पोती शिवीन."

"नाही. आणि तूही सांगायचं नाहीस. सांगितलं की तो माझी कीव करणार. चार वर्षं त्याने मला आपटलं, एकदा कीव केली नाही. म्हणून तर तो मला आवडतो." मग म्हणाला, "दीड वर्ष राहिलंय. पेन्शन पुरी झाली की मीच जातो."

मी शब्द दिला.

आता मिक्सरचं काम कसं असतं ते सांगायला हवं. गुरांच्या खुराकात आम्ही एक औषध घालतो. गुरांना ते मानवतं, पण तेच घोड्याच्या पोटात गेलं तर घोडा मरतो. त्यामुळे औषध नीट तोलायचं आणि घोड्यांचा खुराक करण्याआधी मिक्सर झाडून पुसून घ्यायचा. डेलमरचा हात हलायला लागल्यापासून तो प्रत्येक माप दोनदा तोलू लागला. एकदा तोलायचं, ओतायचं, रिकामं माप परत काट्यावर ठेवायचं, आणि मगच पुढचं. मिक्सर तर तीन-तीनदा पुसायचा. शिवाय घरी बसून हिशेब पुन्हा ताडून बघायला दिवसाच्या वजनाच्या पावत्या माझ्याकडून मागवून घ्यायचा. दुसऱ्या पाळीतला जवान गडी दिवसाला आठ घाणे काढायचा, डेलमर पाच. त्याच्या पाळीत ट्रकांची रांग माझ्या काट्यापासून थेट रस्त्यापर्यंत जायची आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत बसायचे.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत वर्लिनने त्याला पहिली मूठ दाखवली. डेलमरने नुसती मान हलवली. फेब्रुवारीत दुसरी झाली, मार्चमध्ये तिसरी. प्रत्येक वेळी मी उठून लाल चुंबक लावलं. तिसऱ्या वेळी मी वर्लिनच्या खोलीत गेले होते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

"डेलमरचं जरा बघा," मी म्हटलं.

"बघतोच आहे. मित्र म्हणून सोडलं तर बाकीचे काय म्हणतील?"

"तो काम टाळत नाही, वर्लिन."

"मग काय करतो?"

इथे माझं तोंड बंद झालं. मी शब्द दिला होता, असं मी नंतर सहा वर्षं स्वतःला सांगत आले. पण खरं वेगळं आहे. वर्लिन माझ्यावर चिडला असता, फळ्याचं काम काढून घेतलं असतं, कदाचित विचारलं असतं की इतके महिने हलत्या हाताने औषध तोललं जातंय हे तुला माहीत होतं आणि तू गप्प बसलीस? मला त्या प्रश्नाची भीती वाटली. दिलेला शब्द मला सोयीचा पडला, म्हणून मी तो पाळला.

चौथी मूठ मे महिन्यात झाली. पाचवी जूनमध्ये, शुक्रवारी सकाळी, सगळ्यांसमोर. जेवणाच्या खोलीत कॉफी आणि डोनट होते, कुणाचा तरी वाढदिवस होता. आदल्या दिवशी डेलमरच्या पाळीत चार ट्रक माल न घेता परत गेले होते. वर्लिन उभा राहिला. गादीवर असतो तसाच, पाय फाकवून, चेहऱ्यावर काही नाही. त्याने मूठ उचलली.

"पाचवी, डेल."

डेलमरने कॉफीचा कप डाव्या हाताने खाली ठेवला. आमच्याकडे कुस्ती कशीही संपो, हरलेला माणूस हात मिळवल्याशिवाय गादी सोडत नाही. न मिळवणाऱ्याला गाव वर्षानुवर्षं विसरत नाही. डेलमर टेबलाला वळसा घालून आला आणि त्याने वर्लिनपुढे उजवा हात केला.

वर्लिनने तो हातात घेतला. मी चार हात अंतरावर उभी होते. वर्लिनच्या मनगटापासून कोपरापर्यंत बाही हलताना मला दिसली. त्याने खाली हाताकडे बघितलं, मग डेलमरकडे. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला. त्याला कळलं. त्याला कळलंय हे मला कळलं, आणि मला वाटतं त्या खोलीतल्या निम्म्या लोकांना कळलं.

डेलमर म्हणाला, "बरंय," आणि गेला.

पंचाची चूक पंचाला सुधारता येते, असा नियम आहे. पण खेळाडू गादीच्या हद्दीबाहेर जायच्या आत. एकदा तो बाहेर गेला की निकाल कायम. वर्लिन खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि आम्ही त्याच्या मागे. डेलमर अंगणातून चालत निघाला. इतका सावकाश चालताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. पिकअपपाशी पोचला, खिशातून किल्ली काढली आणि दाराशी तिच्याशी झटत राहिला. किल्ली लागेना. तो वाकला, पुन्हा सरळ झाला, पुन्हा प्रयत्न केला. घड्याळात चार मिनिटं गेली. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "वर्लिन, जा ना." वर्लिनचा हात दाराच्या मुठीवर होता. मी देवाची शपथ घेऊन सांगते, तो हात होता तिथेच राहिला. चाळीस पावलं होती मधे. मीही जाऊ शकले असते, मला कुणी धरलं नव्हतं. मग पिकअपचं दार उघडलं, डेलमर आत बसला आणि गाडी फाटकाबाहेर गेली.

वर्लिन वळून म्हणाला, "कामाला लागा." दुपारी त्याने फळा स्वतः उतरवला आणि उलटा करून भट्टीच्या खोलीत ठेवला.

इथे माफी मागायची पद्धत नाही. इथे बर्फ काढतात. त्या हिवाळ्यापासून बर्फ पडला की उजाडायच्या आत वर्लिन गिरणीचा लोडर घेऊन डेलमरच्या घरापुढचा रस्ता साफ करायचा आणि हॉर्न न वाजवता परत यायचा. डेलमरची पेन्शन त्याने संचालकांशी भांडून पुरी करवून दिली आणि सही दुसऱ्याची घेतली. डेलमरच्या बायकोच्या, आयलीनच्या कोंबड्यांना दर महिन्याला खाद्याचं पोतं जायचं. आयलीन त्याबदल्यात आंबट देठांच्या रुबार्बच्या वड्यांचं ताट गिरणीत पाठवायची. मी ताट धुऊन, त्यात माझ्याकडचं काहीतरी घालून परत पाठवायची, कारण आमच्यात रिकामं ताट परत करत नाहीत. सहा वर्षं ते ताट येत-जात राहिलं आणि त्याबरोबर कुणी एक शब्द पाठवला नाही. मी ते ताट न्यायला स्वतः कधी गेले नाही. कुणातरी ड्रायव्हरच्या हाती द्यायची.

वर्लिनची पंचगिरीही त्यानंतर बिघडली. गादीवर पोरं एकमेकांना बिलगून वेळ काढायची, प्रशिक्षक ओरडायचे, "पंच, अंगचोरी!" आणि वर्लिनचा हात वर जात नसे. लोक म्हणाले, म्हातारा झाला. दोन हिवाळ्यांनी त्याने शिट्टी परत केली. संघटनेला ते कारण माहीत नव्हतं, म्हणून तर सत्कार ठरला.

तर मी ती दोन पानं लिहिली, आणि एका शनिवारी वर्लिनला दाखवायला घेऊन गेले. शहाऐंशीचं शिबिर त्यात होतं, संघाचं अध्यक्षपद होतं. मूठ होती, पण मी तिच्या यशापाशीच थांबले होते. डेलमर एका ओळीत होता, कॉलेजातला मित्र म्हणून. शेवटाला मी लिहिलं होतं, "वर्लिनने दिलेला निर्णय आयुष्यात एकदाही फिरवला नाही." ते वाक्य मला फार चांगलं जमलं असं वाटत होतं.

वर्लिनने चष्मा लावून सगळं वाचलं आणि त्या वाक्यावर बोट ठेवलं.

"हे खोड."

"का? खरंच आहे ना?"

"खरं आहे म्हणूनच खोड." त्याने चष्मा काढून पानांवर ठेवला. मग म्हणाला, "अर्लिस, तुला आधी माहीत होतं?"

सहा वर्षं ज्या प्रश्नाला मी भीत होते तो असा साध्या आवाजात आला. मी म्हटलं, "होतं. मार्चमध्ये मी सांगायला आले होते. सांगितलं नाही."

मला वाटलं तो ओरडेल. त्याने नुसता कोट उचलला. "चल. गाडी तू चालव."

मार्चचा चिखल होता, रस्त्याच्या कडेला काळा पडलेला बर्फ. आयलीनने दार उघडलं, आम्हा दोघांकडे बघितलं आणि काही न विचारता बाजूला झाली. डेलमर खिडकीजवळच्या खुर्चीत होता. चेहरा ताठ झाला होता, आवाज लहान झाला होता, दोन्ही हात मांडीवर हलत होते. डोळे मात्र तेच.

"बर्फ तर पडला नाही," तो म्हणाला. "मग कसा आलास?"

वर्लिन बसला नाही. टोपी हातात धरून उभा राहिला, सत्तर वर्षांचा दिसत होता. "डेल, पाचवी मूठ चुकीची होती."

"पहिलीच चुकीची होती."

"हो. पाचही."

"कधी कळलं?"

"हात मिळवला तेव्हा."

डेलमरने मान हलवली, का ती आपोआप हलली, सांगता येत नाही. "मला वाटलंच. तुझा चेहरा मी चार वर्षं खालून बघितलाय, वर्लिन. तुला काय कळलं आणि काय नाही, ते मला कळतं."

"मी खिडकीत होतो," वर्लिन म्हणाला. "तुला किल्ली लागत नव्हती. मला यायला हवं होतं. तुझी किल्ली लागत नव्हती आणि मी..." त्याने टोपीने डोळे झाकले. मी त्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं आणि आता कुठे बघावं ते मला कळेना.

डेलमर त्याचं होईपर्यंत थांबला. घाई करणं त्याला आता जमतही नव्हतं.

"वर्लिन," तो म्हणाला, "त्या पिकअपचं कुलूप मोडून दहा वर्षं झाली होती. आणि या गावात पिकअपला कुलूप लावतं कोण? दार उघडंच होतं. मी तुला वेळ देत होतो."

वर्लिन खाली बसला. खुर्ची मागे आहे का हेही त्याने बघितलं नाही, आयलीनने ती पुढे सरकवली.

मग डेलमरने डोळे माझ्याकडे वळवले. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"आणि अर्लिस, तू तर रोज संध्याकाळी माझ्या पाळीच्या वजनाच्या पावत्या त्याच पिकअपच्या सीटवर नेऊन ठेवायचीस."

"हो," मी म्हटलं. "दार उघडंच असायचं."